दोष आणि दैव

नीतिविचाराच्या ग्रंथांत दृष्टांतासाठीं बहुधा राजे, सेनापति, न्यायाधीश आणि साधुपुरुष यांना पाचारण करण्यांत येतें. खेळाडूस त्या मंडळींत बसावयास जागा नाहीं. आणि जो खेळाडू सबंध जन्मांत वरिष्ठ दर्जाचे अवघे २७ सामने खेळला, त्याला तर खेळाच्या बखरींतही कोणी फारशी जागा देत नाहीं. तथापि माणसाच्या दोषांत त्याचा स्वतःचा वांटा किती आणि दैवाचा किती, हा जुना व अवघड प्रश्न ज्याच्या निमित्तानें आम्हांस अधिक स्पष्ट दिसूं लागला, तो असाच एक २७ सामन्यांचा धनी आहे. त्याचें नांव वॉरन गिल. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं इंडियाना संस्थानांत त्याचा जन्म झाला. इ. स. १९०८ मध्यें, तिशीच्या उंबरठ्यावर असतां, तो पिट्सबर्ग शहराच्या धंदेवाईक बेसबॉल-संघांत पहिल्या ठाण्याचा रक्षक म्हणून खेळला. ७६ वेळां फलंदाजीस उभा राहून १७ वेळां त्याचा फटका साधला. आणि त्या एका हंगामानंतर वरच्या दर्जाच्या खेळांतून तो कायमचा नाहींसा झाला. १९५२ मध्यें कॅलिफोर्नियांत तो वारला. त्याच्या हातून जें घडलें, तेंच दुसऱ्या एकाच्या हातून थोड्या दिवसांनीं घडलें नसतें, तर आंकड्यांच्या कोष्टकाबाहेर त्याचें नांव कोणास ठाऊक होण्याचें कारण नव्हतें.

बेसबॉल आपल्याकडे रुजला नाहीं, म्हणून त्यांतील जरूर तेवढा भाग आधीं सांगितला पाहिजे. मैदानांत एक चौकोन आंखलेला असतो व त्याच्या चार कोपऱ्यांवर चार बेस, म्हणजे ठाणीं, असतात. त्यांतील एक घरचें ठाणें. तेथें उभें राहून चेंडू टोलवावयाचा आणि पहिलें, दुसरें, तिसरें अशीं ठाणीं घेत पुन्हा घरीं यावयाचें, कीं एक धांव झाली. एका ठाण्यावर दोघांनीं राहावयाचें नाहीं. त्यामुळें फलंदाज चेंडू टोलवून पहिल्या ठाण्याकडे निघाला, कीं तेथें आधींपासून उभा असलेल्या गड्यास तें सोडून दुसऱ्या ठाण्याकडे जाणें भाग पडतें. आणि तो तेथें पोंचण्यापूर्वीं प्रतिपक्षापैकीं कोणीं चेंडू हातांत घेऊन त्या ठाण्यास पाय लावला, तर तो बाद होतो. तीन गडी बाद झाले कीं डाव संपला. यापुढचा नियम महत्त्वाचा आहे. डावांतला तिसरा गडी जर अशा रीतीनें बाद झाला, तर दरम्यान दुसरा कोणी घरीं पोंचला असला तरी त्याची धांव धरावयाची नाहीं.

नियम असा होता, आणि पुस्तकांत छापलेला होता. वहिवाट निराळी होती. अखेरच्या डावांत विजयाची धांव घरीं आली, कीं सामना संपला असें सर्वच समजत. प्रेक्षक कठडे ओलांडून मैदानांत उतरत, आणि पहिल्या ठाण्यावरचा गडी दुसऱ्या ठाण्यापर्यंत जाण्याची तसदी न घेतां मध्येंच वळून, गर्दींत सांपडण्यापूर्वीं कपडे बदलण्याच्या जागेकडे पळत सुटे. पंच तिकडे लक्ष देत नसत, प्रतिपक्ष तक्रार करीत नसे. असें करणारानें नियम मोडला असें कोणास वाटत नसे. त्याला स्वतःला तर नसेच नसे.

१९०८ च्या सप्टेंबरच्या ४ तारखेस पिट्सबर्ग येथें शिकागोच्या संघाशीं सामना चालला होता. नऊ डाव कोरे गेले. दहाव्या डावांत पिट्सबर्गचे दोन गडी बाद, तिन्ही ठाणीं भरलेलीं, आणि पहिल्या ठाण्यावर गिल. विल्सन नांवाच्या खेळाडूनें मध्यक्षेत्रांत चेंडू टोलविला. तिसऱ्या ठाण्यावरून फ्रेड क्लार्क घरीं आला. आणि गिल वाटेंतूनच वळून चालता झाला. शिकागोचा दुसऱ्या ठाण्याचा रक्षक जॉनी एव्हर्स यानें मात्र चेंडू मागून घेतला, ठाण्यावर पाय ठेवला आणि पंचाकडे दाद मागितली. त्या दिवशीं पंच एकच होते, हँक ओ'डे. त्यांनीं गिलकडे पाहिलें नव्हतें. आणि जें पाहिलें नाहीं त्याचा निवाडा करितां येत नाहीं, ही भूमिका रास्तच होती. शिकागोनें लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार नेली. ती नामंजूर झाली. पिट्सबर्गची ती एक धांव आणि तो एक विजय कायम राहिला.

बरोबर १९ दिवसांनीं, २३ सप्टेंबरला, न्यू यॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर तोच शिकागोचा संघ, तोच एव्हर्स, आणि दोन पंचांपैकीं एक तेच ओ'डे. न्यू यॉर्कच्या पहिल्या ठाण्याचा नेहमींचा रक्षक फ्रेड टेनी पाठीच्या दुखण्यानें अडला होता, म्हणून फ्रेड मर्कल नांवाचा १९ वर्षांचा पोरगा त्याच्या जागीं उभा केलेला. त्या हंगामांत सुरुवातीपासून खेळण्याची ही त्याची पहिलीच पाळी. नवव्या डावाच्या उत्तरार्धांत १-१ अशी बरोबरी, दोन गडी बाद, तिसऱ्या ठाण्यावर मकॉर्मिक, आणि पहिल्या ठाण्यावर, नुकताच स्वतःच्या चांगल्या फटक्यानें तेथें पोंचलेला, मर्कल. ब्रिडवेलनें चेंडू टोलविला, मकॉर्मिक घरीं आला, लोकांचा लोंढा मैदानांत शिरला, आणि गिलनें जें केलें होतें तेंच मर्कलनें केलें. एव्हर्सनेंही पुन्हा तेंच केलें. त्या गोंधळांत चेंडू कोठें गेला, न्यू यॉर्कच्या मॅकगिनिटीनें तो प्रेक्षकांत भिरकावला काय, एव्हर्सच्या हातीं शेवटीं आला तो तोच कीं दुसराच, हा वाद शंभर वर्षांनंतरही मिटलेला नाहीं. ओ'डे यांनीं मात्र या वेळीं मर्कलकडे पाहिलें होतें. मर्कल बाद, धांव रद्द, सामना बरोबरींत.

पुलियम यांनीं हाही निर्णय उचलून धरला. हंगामाच्या शेवटीं न्यू यॉर्क व शिकागो समान ठरले, तेव्हां ८ ऑक्टोबरला तो सामना पुन्हा खेळविण्यांत आला. शिकागोनें तो ४-२ असा जिंकून लीगचें अजिंक्यपद घेतलें, व पुढें डेट्रॉइटला हरवून जागतिक मालिकाही घेतली. (त्यानंतर ती मालिका पुन्हा जिंकण्यास शिकागोच्या या संघाला २०१६ साल उजाडावें लागलें, तेव्हां दैवानें आपला हिशेब अगदींच सोडून दिला होता असें नाहीं.) मर्कलच्या नांवामागें 'बोनहेड' ही पदवी लागली. मेंदूच्या जागीं हाड असलेला, असा तिचा अर्थ. पुढें तो पुष्कळ वर्षें उत्तम खेळला. सर्व मिळून १६ हंगामांत त्याच्या नांवावर दीड हजारांहून अधिक फटके जमा झाले. पांच वेळां तो जागतिक मालिकेंत उतरला आणि पांचही वेळां त्याचा संघ हरला. १९५६ मध्यें त्याचा अंत झाला तोंपर्यंत लोकांच्या तोंडीं राहिली ती त्या एका दुपारचीच गोष्ट.

आतां या दोन कृति शेजारीं शेजारीं ठेवून पाहाव्या. नियम एकच, वहिवाट एकच, हेतु एकच. किंबहुना हेतु असा कांहीं नव्हताच, होती ती संवय. अज्ञान म्हणावें तर तें दोघांचें सारखेंच, आणि निष्काळजीपणा म्हणावा तर तोही तितकाच. वयाचा विचार करितां जाणता गिल होता आणि पोर मर्कल होता; तेव्हां उणें-अधिक करावयाचेंच झालें तर दोषाचें पारडें गिलकडे झुकेल. असें असून एकाचें नांव शिवीसारखें देशभर फिरलें आणि दुसऱ्यास कोणीं एका शब्दानें दुखविलें नाहीं. एका दिवशीं पंचाची नजर दुसरीकडे होती व दुसऱ्या दिवशीं ती तेथें होती, एवढाच काय तो फरक. आणि पंचाची नजर ही कांहीं गिलची पुण्याई नव्हे.

हें व्यंग तत्त्वज्ञांच्या ध्यानांत पूर्वींच आलेलें आहे. ॲडम स्मिथ यांनीं १७५९ सालच्या आपल्या नीतिविषयक ग्रंथांत असें दाखविलें आहे, कीं स्तुति व निंदा हेतूवर अवलंबून असावी हें तत्त्व सर्व माणसें सामान्यतः मान्य करतात, परंतु प्रत्यक्ष प्रसंग आला कीं परिणामाकडे पाहूनच बोलतात. स्मिथ यांना यांत निसर्गाची योजनाच दिसली. परिणाम सोडून नुसत्या हेतूचीच चौकशी होऊं लागली, तर प्रत्येकाच्या अंतःकरणाची झडती घेणारीं न्यायासनें उभीं राहतील. कांट यांचा निकाल कडक व सरळ आहे: सदिच्छेचें मोल यशानें वाढत नाहीं व अपयशानें घटत नाहीं. आपल्याकडे लोकमान्य टिळकांनीं १९१५ च्या गीतारहस्यांत, कर्माच्या बाह्य फळापेक्षां कर्त्याची बुद्धि पाहूनच त्याची नैतिक किंमत करावी, हें विस्तारानें प्रतिपादिलें. आणि १९७६ मध्यें बर्नार्ड विल्यम्स व टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनीं हा प्रश्न 'नैतिक दैव' अशा नांवाखालीं पुन्हा चर्चेस आणला. ग्रंथांत हें सर्व सांगून झालें आहे. क्रीडांगणावर, कचेरींत व चावडीवर तें अद्यापि पोंचावयाचें आहे.

तथापि केवळ एवढ्यानें आमचें समाधान होत नाहीं. एकाच आळींतले दोन शेजारी रात्रीं आपापल्या विहिरीवर झांकण घालावयास विसरले अशी कल्पना करावी. पहांटे एकाच्या विहिरींत मूल पडलें. दुसऱ्याच्या विहिरींत पांचोळा पडला. पहिला जन्मभर तळमळेल, आणि तें योग्यच आहे. कारण त्याच्या विसराळूपणाचा धागा एका मरणाशीं गुंफला गेला, आणि ज्याला त्याचें कांहींच वाटत नाहीं अशा माणसाजवळ आपण बसणार नाहीं. शोक परिणामाच्या प्रमाणांत असावा हें आम्ही मान्य करतों. दोष मात्र दोघांचा समान आहे. आणि गंमत अशी, कीं पांचोळावालाच पुष्कळदां दुसऱ्या दिवशीं पारावर बसून लोकांच्या हलगर्जीपणावर सर्वांत मोठ्यानें बोलतो.

परंतु विहिरीच्या दृष्टांतांत जें नाहीं तें गिल-मर्कल प्रकरणांत आहे, आणि आम्हांस खरें सांगावयाचें तें त्याविषयीं. विहिरीवर मूल येणें हें कोणा माणसाचें करणें नव्हे. येथें ज्याला आपण दैव म्हणतों तें माणसांनीं घडविलेलें होतें. वर्षानुवर्षें झोंपलेला एक नियम कांहीं माणसांनीं जागा केला, आणि नेमका कोणत्या दिवशीं जागा केला यावर सर्व अवलंबून राहिलें. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, अशी आपली म्हण आहे. पिट्सबर्गला ठेच लागण्याजोगा प्रसंग गिलवर आला. पण त्यापासून शहाणे झाले ते एव्हर्स आणि ओ'डे. ओ'डे यांनीं पुढच्या वेळीं आपण नीट पाहूं असें मनांत ठरविलें होतें, असें सांगतात. मर्कलपर्यंत मात्र तें शहाणपण पोंचलें नव्हतें, हें त्याच्या वागणुकीवरूनच उघड आहे. पिट्सबर्गची तक्रार वर्तमानपत्रांत आली होती, ती न्यू यॉर्ककरांनीं वाचावयास हवी होती, असें कोणी म्हणेल. म्हणो बापडा, तो आक्षेप संघ चालविणाऱ्या जाणत्या मंडळींवर जातो, महिनोन् महिने बांकावर बसून असलेल्या पोरावर नव्हे. आणि नियम वहिवाटीनें निजविलेला असला, तर तो पुन्हा अमलांत आणणाराचें पहिलें कर्तव्य दवंडी पिटण्याचें आहे. दवंडीवांचून जागा केलेला नियम हा सांपळ्यासारखा असतो. त्यांत जो पहिल्यानें सांपडतो तो अपराधी असतोच असें नाहीं, तो नुसता पहिला असतो.

ओ'डे यांच्यावर अन्याय करण्याची आमची इच्छा नाहीं. खवळलेल्या हजारों लोकांच्या देखत घरच्या संघाचा विजय नाकारण्यास छाती लागते, आणि पुस्तकांतील अक्षर त्यांच्या बाजूस होतें. तरी त्यांच्याच व्यवसायांतले नामांकित पंच बिल क्लेम यांनीं या निर्णयाची अत्यंत कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. दूरवर गेलेल्या निर्विवाद फटक्यासाठीं तो नियम मुळीं केलेलाच नव्हता, असें त्यांचें मत होतें. न्यू यॉर्कचे व्यवस्थापक जॉन मॅकग्रॉ हे स्वभावानें तापट म्हणून प्रसिद्ध. पण त्यांनीं मर्कलला दोष दिला नाहीं. हंगामाच्या शेवटच्या दिवसांत फिलाडेल्फियाच्या कोव्हलेस्की या एका गोलंदाजानें पांच दिवसांत तीन वेळां त्यांच्या संघास हरविलें होतें. त्यांतला एक सामना जरी जिंकला असता तरी मर्कलच्या पावलांची मोजदाद कोणी केली नसती. पुलियम यांनीं पुढच्याच वर्षीं, १९०९ च्या जुलैंत, आत्महत्या केली. अशा मरणाचीं कारणें बाहेरच्यांनीं सांगूं नयेत. परंतु तेंही त्या एका पावलाच्या हिशेबीं मांडणारे लेखक आहेत.

वहिवाट आणि नियम यांच्या झगड्यांत समाज कोणाच्या कपाळीं डाग लावील हें मात्र कांहीं केल्या आधीं सांगतां येत नाहीं. क्रिकेटमधील एक प्रकरण आपल्या वाचकांस परिचयाचें आहे. १९४७ च्या डिसेंबरांत सिडनीच्या कसोटी सामन्यांत विनू मंकड यांनीं चेंडू टाकण्यापूर्वींच पुढें सरकलेल्या बिल ब्राउन यांना धांवचीत केलें. त्याच दौऱ्यांत आधींच्या एका सामन्यांत त्यांनीं ब्राउन यांना तसेंच बाद केलें होतें, आणि तत्पूर्वीं एकदां ताकीदही दिली होती. म्हणजे दवंडी रीतसर पिटलेली होती. नियम मंकडांच्या बाजूचा, खुद्द ब्रॅडमन यांनीं त्यांचें समर्थन केलेलें. तरी पुढें पाऊणशें वर्षें त्या कृत्यास नांव चिकटलें तें पुढें सरकणाऱ्याचें नव्हे, मंकडांचें. २०२२ मध्यें नियमांच्या पुस्तकांत हा प्रकार 'अनुचित खेळ' या सदरांतून काढून साध्या धांवचीतच्या सदरांत घातला गेला, तेव्हां कोठें त्या डागाची धार बोथट झाली. अमेरिकेंत नियम विसरणारा मूर्ख ठरला आणि नियम चालविणारा चतुर. क्रिकेटच्या जगांत नियम चालविणारा खट्याळ ठरला आणि विसरणारा सभ्य. ज्या तराजूचीं पारडीं देश बदलतांच उलटीं होतात, त्यांत तोललेला दोष कितपत दोष असेल?

परत गिलकडे येऊं. ज्याची चूक कोणाच्या नजरेस आली नाहीं, आणि तीच चूक करून दुसरा फांसावर चढला, अशा माणसावर कांहीं ऋण असतें काय? शिक्षा वांटून घेण्याचें ऋण असतें असें आम्हांस वाटत नाहीं. शिक्षा मुळांतच अन्याय्य असेल तर ती दोघांनीं घेतल्यानें न्याय्य होत नाहीं, तिची फक्त वाढ होते. परंतु साक्षीचें ऋण असतें. "मींही हेंच केलें होतें," एवढें वाक्य बोलण्याचें. तें बोलावयास एकटा गिलच पाहिजे होता असें नाहीं. त्या काळच्या प्रत्येक संघांत तें खरेपणानें म्हणूं शकणारे खेळाडू असलेच पाहिजेत, नाहींतर वहिवाट हा शब्दच व्यर्थ. असें वाक्य पन्नास तोंडांतून निघालें असतें, तर 'बोनहेड' ही शिवी एका माणसास चिकटण्याइतकी लहान राहिलीच नसती. शिवी लहान असावी लागते. ती सर्वांवर पसरली कीं तिचा अर्थच जातो. म्हणूनच ती देणाऱ्यांस एक मर्कल लागतो.

हें परदेशच्या खेळाडूंपुरतेंच आहे असें कोणी समजूं नये. कचेरींत सर्वच जण उशिरां येतात. ज्या दिवशीं साहेब दारांत उभे राहतात त्या दिवशीं जो सांपडतो तो कामचुकार ठरतो, आणि साहेब आंत गेल्यावर त्याच्यामागून पांच मिनिटांनीं आलेले लोक त्याच्याविषयीं हळहळतात. ती हळहळ खोटी नसते. पण तिच्या तळाशीं एक प्रकारची सुटकेची ऊब असते, आणि ती ऊब जाऊं नये म्हणूनच वरचें छोटें वाक्य ओंठांवर येत नाहीं. आम्ही जन्मभर उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. तीच चूक पहिल्या दहा पुस्तिकांत सौम्यपणानें पाहणारा परीक्षक पन्नासाव्या पुस्तिकेवर चिडतो, आणि पन्नासाव्या मुलाला आपण पन्नासावे आहों हें कधींच कळत नाहीं. मर्कल फार थोडे. आपण बहुतेक सारे गिल.

मर्कल खेळ सोडल्यावर पुष्कळ वर्षें जुन्या मैदानांपासून दूर राहिला. १९५० मध्यें जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यासाठीं तो पोलो ग्राउंड्सवर परत आला, तेव्हां लोकांनीं टाळ्यांनीं त्याचें स्वागत केलें. एव्हर्सला १९४६ मध्यें आणि ओ'डे यांना २०१३ मध्यें बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. मर्कल तेथें नाहीं, आणि गिलचा तर प्रश्नच नव्हता. १९०८ सालचा अंतिम तक्ता आजही पाहावयास मिळतो. शिकागोचे विजय ९९, न्यू यॉर्कचे ९८, पिट्सबर्गचेही ९८. पिट्सबर्गनें ४ ऑक्टोबरचा आपला शेवटचा सामना शिकागोविरुद्ध जिंकला असता, तर तो संघ अग्रस्थानीं, निदान बरोबरीस, आला असता, आणि मग सबंध देश दहाव्या डावांतल्या त्या एका धांवेची चौकशी करीत गिलच्या पावलांपर्यंत जाऊन पोंचला असता. तो सामना पिट्सबर्ग हरला. त्या ९८ विजयांत ४ सप्टेंबरचा विजय मात्र अजून मोजलेला आहे.